बाबांना लॉर्ड करायला गेलो आणि 1,150 पौंडांना बुडालो

मी लेस्टरला असतो, आयटीत आहे, अगदीच अडाणी नाही तरी फसलो, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

बाबांची पंचाहत्तरी होती. ते भोकरदनला इतिहासाचे मास्तर, वर्षानुवर्षं पोरांना असईला नेऊन 1803 ची, इंग्रज सेनापती वेलस्लीने मराठ्यांविरुद्ध जिंकलेली लढाई शिकवलेले. म्हटलं त्यांना काहीतरी भन्नाट देऊ. नेटवर जाहिरात दिसली, 'लॉर्ड ऑफ द मॅनर' व्हा, 950 पौंड. फोनवरचा माणूस एकदम गोड, आणि गंमत अशी की तो सांगत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. बॅरोनेट ही पदवी इंग्लंडच्या राजाने, पहिल्या जेम्सने, 1611 ला काढली तीच मुळी पैशासाठी, 1,095 पौंड भरा आणि नावाआधी सर लावा. पुढे लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना पक्षाच्या फंडासाठी पदव्या विकल्या गेल्या. मी रात्री बसून चेक केलं, सगळं बरोबर निघालं, आणि तिथेच माझी विकेट पडली. कारण पुढचं त्याने गाळलं आणि मीही वाचलं नाही: ह्याच भानगडींमुळे 1925 ला कायदा आला, पदवीसाठी पैसे देणं-घेणं गुन्हा झाला, आणि 1933 मध्ये मॉन्डी ग्रेगरी नावाचा दलाल त्यात दोन महिने आत गेला.

मग आडनावाचं राजचिन्ह, म्हणजे ढालीवर काढतात तसलं चिन्ह, अजून 200. कार्डाने जास्त पडतील, बँक ट्रान्सफर करा म्हणाला, केलं.

तीन आठवड्यांनी पार्सल भोकरदनला पोचलं, आईने व्हिडिओ कॉल लावला. जाड पिवळट कागद, खाली लाखेचं लालभडक सील, बाबांनी त्यावर नख घातलं तर स्टिकरच सुटून बोटाला चिकटला. राजचिन्हात सिंहाच्या पंजात कमळ, आपण इंडियन ना! बाबांनी चष्मा चढवून सगळं वाचलं आणि म्हणाले, "अरे, एकाच माणसाला सर, लॉर्ड आणि बॅरन तिन्ही लावलंय, हे कोणी लिहिलं? वेलस्लीला असईनंतर ड्यूक व्हायला अकरा वर्षं लागली, तू मला तीन आठवड्यांत लॉर्ड केलंस होय?" आई मागून, "मग मी लेडी का?"

नंतर नीट शोधलं ते असं. मॅनरची लॉर्डशिप ही खरी चीज आहे आणि ती विकतही मिळते, पण तो जुन्या जहागिरीचा नुसता उरलेला हक्क, प्रॉपर्टीसारखा. खरी असेल तर हजारो पौंड पडतात, जुने कागद लागतात, सॉलिसिटर लागतो, आणि एवढं करून घेणारा मिस्टरच राहतो. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ह्या पदव्या राजाकडून नाहीतर वारशाने, दुकानात नाही. 13 ऑक्टोबर 2003 पासून लँड रजिस्ट्रीत नव्या मॅनरची नोंदच होत नाही, त्यामुळे नोंद कुठेय विचारलं की "आता होत नाही हो" हे उत्तर त्यांना आयतं मिळतं. म्हणजे मागायचे ते जुने खरेदीखताचे कागद, मी कुठे मागितले. आणि इंग्लंडात राजचिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नसतंच. ते देणारं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून लंडनमध्ये बसलंय, एक मेल टाकला असता तर 200 वाचले असते.

रिफंड मागितला तर अटींचा कागद आला, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'फक्त गंमतीची भेटवस्तू'. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवले. क्रेडिट कार्डाने भरले असते तर 100 पौंडांवरच्या खरेदीला कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, म्हणूनच तर तो कार्ड नको म्हणत होता.

परवा त्यांचाच मेल आला, 'डिअर लॉर्ड' असं लिहून, अर्ल अपग्रेडवर चाळीस टक्के सूट, ऑफर रविवारपर्यंत. बाबांना फॉरवर्ड केला. त्यांनी लाल पेनाने चुका काढून फोटो परत पाठवला, सात निघाल्या.