पाचारण शिबिर की वेदीसेवकांचा गट?

पास्काकाळातला (ईस्टरपासूनच्या आठवड्यांतला) चौथा रविवार, म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार जवळ आला की धर्मग्राम मंडळाच्या (एका चर्चखालच्या भाविकांच्या मंडळाच्या) बैठकीत एक विषय हमखास निघतो: यंदा पाचारणासाठी, म्हणजे धर्मगुरू होण्याची देवाची हाक मुलांना ऐकू यावी यासाठी, काय करायचं? पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली सुरू केलेला पाचारणासाठीच्या प्रार्थनेचा जागतिक दिवस याच रविवारी येतो. प्रार्थना सगळेच करतात. प्रश्न असतो तो माणसं, वेळ आणि पैसा कुठे लावायचा हा. वसई धर्मप्रांतातल्या बऱ्याच धर्मग्रामांपुढे साधारण दोन पर्याय असतात. मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत तीन दिवसांच्या पाचारण शिबिराला पाठवायचं, नाहीतर वेदीसेवकांचा (उपासनेत फादरांना वेदीवर मदत करणाऱ्या मुलांचा) गट नीट उभा करून तो वर्षभर चालवायचा. आमच्या मंडळात मी दोन्ही जवळून पाहिलं, म्हणून चार गोष्टी सांगतो.

शिबिराचं बळ आधी मान्य करायला हवं. आज वसईत घरटी एक-दोनच मुलं. पूर्वी सहा-सात भावंडांतला एक सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) गेला तर घराला अभिमान वाटायचा, आज एकुलता एक मुलगा ‘फादर व्हायचंय’ म्हणाला की आईच्या पोटात गोळा येतो. असा मुलगा शाळेत, क्लासमध्ये कुणाशी बोलणार? शिबिरात त्याला त्याच्यासारखे इतर मुलगे भेटतात, सेमिनरीत शिकणारे ब्रदर त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळतात, रात्री पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्तशरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर) सगळे शांत बसतात. आपण एकटे नाही, एवढं कळलं तरी त्या वयात पुष्कळ असतं. डहाणू-तलासरीकडच्या मिशन केंद्रांमधल्या मुलांसाठी तर मला शिबिरच जास्त सोयीचं वाटतं, कारण पाडे लांब-लांब विखुरलेले असतात आणि तिथे दर आठवड्याला गट जमवणं सोपं नाही.

मग माझं मन दुसरीकडे का झुकलं? त्या फॉर्ममुळे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांकडून एक कागद भरून घेतात. नाव, धर्मग्राम, इयत्ता, पालकांचा फोन आणि खाली चौकट: धर्मगुरू होण्याचा विचार आहे का? आमच्याकडच्या एका दहावीच्या मुलाने तिथे ‘हो’वर खूण केली. जूनमध्ये मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर तो मला विचारायचा, “काका, फोन आला का?” तोवर शिबिर घेणाऱ्या फादरांची बदली झाली होती. नव्या फादरांकडे दुसरीच कामं होती आणि फॉर्म कुठल्यातरी कपाटात होते. मी दोन-तीनदा विचारून पाहिलं. दिवाळीपर्यंत मुलाने विचारणं सोडून दिलं. तो सेमिनरीत गेलाच असता असं मी म्हणणार नाही, ते देवाला ठाऊक. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने धीर करून हो म्हटलं आणि समोरून कुणी साधी विचारपूसही केली नाही, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

वेदीसेवकांच्या गटात असं सहसा घडत नाही, कारण तिथे हरवायला कागदच नसतो. मुलगा दर रविवारी डोळ्यांसमोर असतो. धूपपात्राची साखळी नीट धरायला शिकतो, चुकला की मोठा वेदीसेवक हळूच हात धरून दाखवतो. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत (वेदीमागच्या तयारीच्या खोलीत) स्टोल, म्हणजे गळ्यातला उपासनेचा पट्टा, घडी करताना फादर सहज विचारतात, “परीक्षा कशी गेली? आणि त्या विचाराचं काय, कुठवर आलाय?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाणं, माझ्या अनुभवात, कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त काम करतं. अमेरिकेत दरवर्षी नवदीक्षित धर्मगुरूंची पाहणी होते. त्यांतले बहुसंख्य लहानपणी वेदीसेवक होते आणि अनेकांना पहिलं प्रोत्साहन आपल्याच धर्मग्रामातल्या फादरांकडून मिळालं होतं, असंच त्यात दिसतं.

गटाच्या अडचणी आहेतच. नववी-दहावीत क्लास सुरू झाले की मुलं गळतात. बदली इथल्या फादरांचीही होते, म्हणून सूत्रं एखाद्या खमक्या प्रापंचिकाकडे असलेली बरी, एखादी धर्मशिक्षणाची बाई किंवा निवृत्त शिक्षक. आणखी एक, यात तडजोड नको: मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं आणि पालकांना सगळं माहीत असावं. एवढं पाळलं की आईबापांचा विश्वास बसतो, आणि आपल्याकडे खरा निर्णय त्यांच्याच घरी होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ च्या दस्तऐवजात कुटुंबाला जणू पहिली सेमिनरीच म्हटलं आहे. फादर घर आशीर्वादित करायला येतात तेव्हा अर्धा तास बसून बाबांशी बोलले, तर त्याचं मोल शिबिराच्या खर्चाहून मोठं आहे.

वेळेचाही विचार करा. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाच्या रोमच्या २०१६ च्या नियमावलीनुसार आधी पूर्वतयारीचं किमान एक वर्ष, मग तत्त्वज्ञान, मग चार वर्षं ईशज्ञान (धर्मशास्त्र). बारावीनंतर निघालेला मुलगा कमीत कमी सात-आठ वर्षांनी धर्मगुरू म्हणून वेदीवर उभा राहतो. इतक्या लांबच्या वाटेला लावणारा निर्णय तीन दिवसांत पिकेल, असं मला तरी वाटत नाही.

तुमचं धर्मग्राम लहान असेल, वेदीसेवक मोजकेच असतील, तर मुलांना शिबिराला जरूर पाठवा. पण पाठवण्याआधी मंडळात एका माणसाचं नाव ठरवा. मुलाच्या फॉर्मची एक प्रत त्याच्याकडे राहील आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो त्या घरी जाईल. तेवढी तयारी नसेल तर यंदाचे पैसे वेदीसेवकांचे झगे शिवायला आणि त्यांना लोकलने गोरेगावची सेंट पायस सेमिनरी दाखवून आणायला वापरा.