तारीख फोटोच्या पोटात की फाइलच्या नावात?

स्कॅनरला बिचाऱ्याला काय कळणार? वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरातला जुना रोल आज स्कॅन केला, की गॅलरीत तो आजच्याच फोटोंत जाऊन बसतो.

फाइलच्या नावात '१९८३-०९ सुरसागर विसर्जन' (सुरसागर म्हणजे तिथला तलाव) लिहिणं सोपं. वर्ष आधी, मग महिना, म्हणजे फोल्डरमध्ये क्रम आपोआप लागतो. दिवस ठाऊक नसला तरी अडत नाही. पण बरीचशी अ‍ॅप्स नावाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

एक्झिफमधल्या, म्हणजे फोटोच्या फाइलच्या पोटातल्या माहितीतल्या, 'डेटटाइमओरिजिनल' (फोटो काढल्याची तारीख-वेळ) रकान्यात तारीख भरली, की फोटो थेट १९८३ मध्ये जातो. एक्झिफटूल हे फुकटचं साधन अख्ख्या रोलला एका फटक्यात तारीख लावतं, वर मूळ फाइलची प्रतही राखतं. खोट एवढीच, की इथे दिवस आणि वेळही द्यावी लागते. काकू म्हणणार, "गणपतीतला असेल, त्र्याऐंशीचा." मग आपण १ सप्टेंबर, दुपारी बारा असं ठोकून देतो आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं.

तरी माझा कौल एक्झिफलाच. फक्त वर्णनाच्या रकान्यात शेरा हवा: 'तारीख अंदाजे. तलावात शंकराची मूर्ती नाही, म्हणजे २००२ च्या आधीचा.'

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा; साधा फोटो पाठवलात तर नावही जातं आणि तारीखही.