बिअर, कोंबुचा की आल्याचा सोडा? नागपुरात घरी आंबवायला सुरुवात करताना

घरी बिअर करून पाहायची इच्छा असेल तर आधी कायदा समजून घ्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ते विकायचं नाही, घरीच प्यायचं आहे, म्हणून तो गुन्हा ठरत नाही असं नाही. ज्या देशांत परवानगी आहे तिथले व्हिडिओ पाहून किट मागवायचा मोह होतो, तो टाळा.

आपली हवाही बिअरला सोयीची नाही. लागर आणि एल हे बिअरचे दोन मुख्य प्रकार. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांत नीट काम करतं, एलचं १८ ते २२ अंशांत. नॉर्वेतलं क्वाइक यीस्ट पस्तिशीतही चालतं, पण तो अपवाद. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या शहरात बाकीच्यांसाठी वेगळा फ्रिजच लागेल.

आंबवण्याची कला शिकायला मात्र बिअरच हवी असं नाही. कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) आणि आल्याचा सोडा या दोन्हींत तुम्हाला यीस्ट, तापमान आणि स्वच्छता सांभाळावी लागते, सोड्यात तर बाटलीतला दाबही.

कोंबुचा

एक लिटर पाण्यात दोन चमचे काळा चहा आणि ७० ग्रॅम साखर. चहा पूर्ण गार झाला की त्यात १०० मिली जुना कोंबुचा आणि स्कोबी, म्हणजे यीस्ट-जिवाणूंचा तो जाड थर. जुना कोंबुचा वगळू नका. त्याच्या आंबटपणामुळेच सुरुवातीच्या दिवसांत बुरशी दूर राहते. बरणी काचेची घ्या, धातूची नको. तोंडाला दाट विणीचं सुती कापड रबराने घट्ट बांधा, कारण जिवाणूंना हवा लागते आणि चिलटांना कोंबुचा फार आवडतो.

२४ ते ३० अंशांत सात ते चौदा दिवस लागतात. उन्हाळ्यात चौथ्या दिवसापासूनच चव घेत राहा, नाहीतर हाती व्हिनेगर येईल. बरणी कूलरच्या झोतात ठेवू नका. पृष्ठभागावर कोरडी, लव असलेली बुरशी दिसली तर स्कोबीसकट सगळं फेका, वरचा थर काढून वापरायचा प्रयत्न नको. खाली लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

आल्याचा सोडा

इथे विकतचं विरजण लागत नाही. ताजं आलं सालीसकट किसा, कारण यीस्ट सालीवरच असतं. दोन कप पाण्यात रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर घालून ढवळत राहा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, थंडीत आठवड्याभरात बुडबुडे येतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला मारक असतं, म्हणून पाणी उकळून गार करून घ्या.

मग एक लिटर आल्याच्या गोड, गार पाण्यात गाळलेलं १०० मिली विरजण घालून बाटल्या भरा. सगळ्यात जास्त काळजी इथे हवी. बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात काचेची बाटली फुटून माणूस जखमी होऊ शकतो. पहिले काही महिने सोड्याच्या प्लॅस्टिकच्याच बाटल्या वापरा. बाटली दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. कडक उन्हाळ्यात एक रात्रही पुरते. बाहेर जास्त दिवस ठेवली तर दाबाबरोबर अल्कोहोलही वाढतं, आणि तेच तर टाळायचं आहे.

आपल्या संत्र्याची मजा याच सोड्यात येते. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतात; म्हणजे फळ आणि सोड्याला मानवणारी हवा एकत्रच मिळतात. पाण्यातला थोडा भाग रसाने भरा आणि साखर तेवढी कमी करा. आपल्या संत्र्याचा रस ठेवला की लिमोनिन या कडू घटकामुळे कडवट होत जातो, म्हणून बिया न चिरडता रस काढा आणि सोडा दोन-तीन दिवसांत संपवा.

मग कोणतं निवडायचं?

बिअरच्या ओढीने इथवर आला असाल तर मी आल्याचा सोडाच सुचवेन, आणि तोही नोव्हेंबरात सुरू करा. यीस्ट जागवणं आणि बाटली भरणं त्यात थेट शिकता येतं. कोंबुचात आंबटपणा सांभाळण्याचं काम जास्त. खर्चही आलं आणि साखर एवढाच. रोज लक्ष द्यायला वेळ नसेल, आठवड्यातून एकदाच हात लावायचा असेल, तर कोंबुचा बरा. शिवाय तो आपल्या उन्हाळ्यात सोड्यापेक्षा कमी धोक्याचा, कारण बरणी उघडी असते.

बिअरसारखी कडू चवच हवी असेल तर हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, गरम पाण्यात भिजवून, गाळून, विकतच्या साध्या गार सोडा वॉटरमध्ये मिसळा. त्यात आंबवणं नाही, त्यामुळे अल्कोहोलही नाही.

कोंबुचा आणि सोडा दोन्ही गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देऊ नका. या पेयांत थोडं अल्कोहोल उरतंच. पाहुण्यांना ग्लास देण्याआधी हे सांगा, विशेषतः जे अजिबात घेत नाहीत त्यांना.