प्रशिक्षण, विमा, दरपत्रक : सगळं एकाच पाकिटात

नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी पेस्ट कंट्रोलची कामं घ्यावीत, असा विचार करणाऱ्याला एक जाहिरात हमखास गाठते. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, विमा, दरपत्रक आणि सुरुवातीची औषधं, सगळं एकाच शुल्कात. लगेच कमाई सुरू. मी ते पाकीट घेतलं. त्यातली एकही गोष्ट कामाची निघाली नाही. कोण कुठे कसं फसवतं ते नीट कळावं म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगता येत नाही, कारण ते फारसं झालंच नाही. पडद्यावर झुरळा-ढेकणांची चित्रं, मग पंपात साधं पाणी भरून फवारणीचं प्रात्यक्षिक, शेवटी प्रमाणपत्र हातात धरून फोटो. औषध किती घालायचं? तर 'पंपाला एक झाकण'. पंप किती लिटरचा, औषध किती टक्क्यांचं, हे कुणी सांगेना. 10 टक्क्यांच्या औषधापासून 0.05 टक्क्याचं द्रावण करायचं तर लिटरला 5 मिली लागतं. हे साधं त्रैराशिक आहे आणि या धंद्यातली ती पहिली पायरी आहे. झुरळांनी खाऊन मरावं म्हणून लावलेल्या जेलवर फवारा उडाला की झुरळं त्या जेलला तोंड लावत नाहीत, हे मला नंतर या कामात मुरलेल्या एका गृहस्थांकडून कळलं. वर्गात तर दोन्ही एकदम मारा, ग्राहक खूश होतो, असं शिकवलं होतं. सोबत दिलेला मास्क धुळीचा. औषधाची वाफ अडवायला सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो, हा विषयच निघाला नाही.

आणि ते प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ हजेरीचा कागद. पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरात कीटकनाशक मारायला बऱ्याच देशांत सरकारी परवाना लागतो, आणि तो मिळवायला ठरावीक परीक्षा किंवा पात्रता असते. परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारलं, तर असल्या प्रमाणपत्राला तिथे काडीचीही किंमत नव्हती. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' असं ठळक छापलं होतं. मान्यता कुणाची, ते कुठेच नव्हतं.

खरा दणका बसला तो विम्याचा. आमच्याच तुकडीतल्या एकाने एका घरी झुरळांसाठी फवारणी केली. घरात माशांची टाकी होती. घरगुती फवारणीत सर्रास वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतात, आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. म्हणून टाकी झाकायची, पंप बंद ठेवायचा, नाहीतर टाकीच हलवायची. मूळ लेबलवर असा इशारा असतो. आम्हाला मिळालेल्या बाटल्या दुसरीकडे भरलेल्या होत्या, वर फक्त संस्थेचं स्टिकर. घटकाचं नावसुद्धा नाही. सगळे मासे मेले आणि ग्राहकाने भरपाई मागितली. याने विम्याचा कागद काढून विमा कंपनीला फोन लावला.

पॉलिसी बनावट नव्हती, आणि चलाखी तिथेच होती. क्रमांक खरा, कंपनी खरी, मुदतही चालू. पण विमाधारक होती ती संस्था, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'प्रशिक्षण वर्ग चालवणे' असं होतं. आमच्यापैकी कुणाचंही नाव त्यात नव्हतं. वर्गात कुणी घसरून पडला असता तर त्याला कदाचित काही मिळालं असतं. आम्हाला दिलेल्या प्रतीत तो रकाना असलेलं पानच नव्हतं. भरपाई त्या बिचाऱ्याने खिशातून दिली.

त्यानंतर मी स्वतः विम्याची चौकशी केली, तेव्हा कळलं की नाव असतं तरी अडचणी होत्याच. सर्वसाधारण दायित्व विम्यात, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यात, प्रदूषणाचा अपवाद अनेकदा असतो, आणि कीटकनाशक सांडलं, नको तिथे पसरलं, तर कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. फवारणीच्या कामासाठी तो अपवाद काढून घेतलेला, तसं लेखी जोडपत्र असलेला विमा लागतो. काम नीट झालं नाही म्हणून पुन्हा करावं लागलं, तर तो खर्च सहसा आपलाच. परवाना नसताना केलेलं काम असेल तर दावा फेटाळायला आयतं कारण मिळतं. वाळवीच्या कामात तर आणखी एक मेख आहे. काही पॉलिसी दावा येईल त्या वेळी चालू असाव्या लागतात. काम केलं तेव्हा चालू होती, एवढं पुरत नाही. वाळवी पुन्हा लागल्याची तक्रार काही वर्षांनीही येऊ शकते, आणि जोडधंदा बंद करून विमा सोडलेला माणूस तेव्हा उघडा पडतो. घराचा विमा किंवा गाडीचा खाजगी विमा धंद्याच्या वापराला सहसा लागू होत नाही, हेही गाडीत औषधं ठेवण्यापूर्वी विचारून घ्या. पॉलिसी पूर्ण मागवा, सगळी पानं. विमाधारक म्हणून आपलं नाव आणि व्यवसाय म्हणून कीडनियंत्रण, हे दोन्ही दिसत नसेल तर तो कागद आपल्या कामाचा नाही. एजंटाच्या नव्हे, कंपनीच्या नंबरवर फोन करून पॉलिसी पडताळा.

दरपत्रक पाहून मात्र मी सुरुवातीला भारावलो होतो. खोलीमागे दर, त्यातून औषधाचा खर्च वजा, उरलेला सगळा नफा! दर आजूबाजूच्यांपेक्षा कमी, वर एका वर्षाची हमी छापलेली. जाण्या-येण्याचा वेळ, इंधन, विमा, मास्कचे फिल्टर, हातमोजे यांतलं काहीच नाही. पण सगळ्यात मोठी लबाडी दुसऱ्या फेरीची. ढेकणांची अंडी बहुतेक फवाऱ्यांना दाद देत नाहीत आणि साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात, त्यामुळे दोनेक आठवड्यांनी परत जावंच लागतं. घरात नेहमी दिसणाऱ्या लहान तपकिरी झुरळाच्या अंड्यांच्या एका कोशात 30 ते 40 अंडी असतात. म्हणजे एका भेटीचा दर घ्यायचा, जायचं दोनदा-तीनदा, आणि हमीमुळे वर्षभर फुकट चकरा.

हे दरपत्रक असं का, याचं उत्तर औषधांत होतं. वर्गानंतर औषध त्यांच्याकडूनच घ्यायचं, नाहीतर 'विमा रद्द'. स्वस्त दराने जितकी जास्त कामं आणि हमीच्या जितक्या जास्त चकरा, तितक्या त्यांच्या बाटल्या खपणार. आम्ही धंदेवाईक झालो नव्हतो, त्यांचे गिऱ्हाईक झालो होतो. दर ठरवायचाच तर एका कामाच्या सगळ्या फेऱ्या, प्रवासासकट तास आणि विम्याचा वाटा धरून ठरवा, आणि हमी द्यायची तर ग्राहकाने काय पाळायचं ते लिहून द्या.

शुल्क परत मागितलं तेव्हा पावती पुढे केली गेली. त्यावर फक्त 'अभ्यास साहित्य' असं लिहिलेलं. प्रशिक्षण नाही, विमा तर नाहीच. सुदैवाने जाहिरातीचे फोटो आणि 'विमा समाविष्ट' असे संदेश काही जणांच्या फोनमध्ये राहिले होते. तेवढ्याच पुराव्यावर आमच्या तुकडीने एकत्र लेखी तक्रार दिली आहे, त्या बिनलेबलच्या बाटल्यांसकट. औषध दुसऱ्या बाटलीत भरून विकणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, असं तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं. ज्यांच्याकडे अशा बाटल्या पडून आहेत त्यांनी त्या ओतून टाकू नका, नाल्यात तर मुळीच नको. बंद करून, मुलं आणि पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवा आणि तक्रारीसोबत दाखवा.