मदेराचे उंदीर जोडतात, मेक्सिकोचे सरडे तोडतात

घरात शिरणाऱ्या साध्या उंदराच्या पेशीत 40 गुणसूत्रं, म्हणजे जनुकांची गाठोडी, असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती स्वल्पविरामासारखी दिसतात, कारण प्रत्येकाला जणू एकच बाहू. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर मात्र हा आकडा 22 ते 30वर येतो. दोन स्वल्पविराम टोकाशी चिकटून एक दुबाहू गुणसूत्र बनतं. जनुकं जवळपास तेवढीच, गाठोडी कमी! पंधराव्या शतकात माणसं तिथे वसली, पण उंदीर त्याच्याही आधी, साधारण हजारेक वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी जहाजांतून आले असावेत. उभ्या डोंगरांनी खोरी तोडलेली, त्यामुळे एवढ्याशा बेटावर सहा वेगळे वंश झाले. कोणतं गुणसूत्र कोणाशी चिकटलं हे प्रत्येक वंशात वेगळं. दोन वंशांचा संकर झाला की अंडपेशी-शुक्रपेशी बनताना जोड्या जुळत नाहीत, लांबच लांब साखळ्या होतात आणि प्रजननक्षमता घसरते.

मध्य मेक्सिकोतल्या ‘स्केलोपोरस ग्रॅमिकस’ या सरड्याची गोष्ट उलटी. तिथे गुणसूत्रं मधोमध तुटतात आणि संख्या साधारण 32 वरून 46 पर्यंत चढते. दोन प्रकारांच्या हद्दीवर संकर सर्रास सापडतात. तुटलेले दोन तुकडे आणि अखंड गुणसूत्र असं त्रिकूट अंडपेशी-शुक्रपेशी बनताना बहुतेक वेळा नीट वाटलं जातं, म्हणून निव्वळ तुटण्याने प्रजननाला फार मोठा अडसर येत नाही.

आपसातलं प्रजनन अडून नवी जात घडताना पाहायची तर मी मदेरा निवडेन. हजारेक वर्षं म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात कालपरवाच.