वाताच्या पुडीनं माझा डोळा नेला

सांगलीत माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. मशीन चालवून चालवून पंचेचाळिशीतच गुडघे धरले. शेजारच्या गावात दर गुरुवारी एक जण 'वाताची पुडी' देतो, असं जावेनं सांगितलं. 15 दिवसांच्या पुड्या 600 रुपयांना. तपकिरी चूर्ण, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं. नाव नाही, लायसन्स नंबर नाही, तारीख नाही. विचारलं तर म्हणाला, "ताई, जडीबुटीला कसली आलीय तारीख?"

तिसऱ्या दिवशी मी जिना धावत चढले, खोटं कशाला सांगू! त्या भरात आणखी चार जणींना तिथं पाठवलं. ते आठवलं की घास उतरत नाही.

भूक वाढली, तोंड गरगरीत झालं, गालांवर लाली आली. सासूबाई म्हणाल्या, "आता तब्येत भरली गं." खरं तर सगळ्यांच्या आधी मला कळायला हवं होतं, माझी मापं माझ्याच वहीत होती. छाती 36 ची 41 झाली. मानेखाली मांसाचा उंचवटा आल्यानं ब्लाउजचा मागचा गळा वर ओढला जायचा, आणि बाही मात्र सैल. बाई जाड होते तेव्हा दंडही भरतात, माझे बारीक होत होते. 25 वर्षं हातात टेप आहे माझ्या. मी फक्त उसवलं आणि पुन्हा शिवलं.

सव्वा वर्षानं सुईत दोरा जाईना. उन्हात बाहेर पडलं की समोर नुसता पांढरा झगमगाट. चष्मेवाल्यानं दोनदा नंबर बदलून दिला. उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला तेव्हा कुठं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 असावा लागतो. माझा उजवीकडे 38, डावीकडे 33. दोन्ही भिंगांच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू. डॉक्टरांनी डोळ्यावरून नजर काढून माझ्या तोंडाकडे, मग हातावरच्या काळ्यानिळ्या डागांकडे पाहिलं. "स्टिरॉइड किती दिवस घेताय?"

"छे हो, आयुर्वेदिक घेते."

आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. पुडीत त्याच जातीचं स्टिरॉइड, बहुधा डेक्सामेथासोनसारखं औषध कुटून घातलेलं असणार, असं पुढे हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं. काहींना ग्रंथीवरच्या गाठीमुळे हेच होतं, त्याला कुशिंग म्हणतात. मी ते 600 रुपयांना विकत घेत होते. सकाळी 8 वाजता रक्त तपासलं तर माझं स्वतःचं कॉर्टिसॉल जवळपास नाहीच. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथी झोपी गेल्या होत्या. साखरही वाढलेली निघाली.

पण त्याआधी एक घोळ मी स्वतः घातला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुडी एकदम तोडू नका, आधी हार्मोनवाल्यांना भेटा. मी घरी येऊन रागाच्या भरात पुड्या गटारात टाकल्या. चौथ्या दिवशी उलट्या, भोवळ, बीपी खाली; थेट ॲडमिट. कुणी अशी पुडी घेत असाल तर मनानं बंद करू नका. डॉक्टरांना पुडी दाखवा, ते बदली गोळी देऊन हळूहळू उतरवतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेवढं दिसतं. वाढलेल्या दाबानं, म्हणजे काचबिंदूनं वाळवलेली डोळ्याची नस मात्र परत येत नाही. उजव्या डोळ्याला आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. थेंब जन्मभर.

पुडीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "गुण आला तेव्हा मी देव होतो ना?" जावेकडे उरलेल्या दोन पुड्या घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. पुढच्या गुरुवारी त्याची सतरंजी उचललेली होती. दुसऱ्या कुठल्या गावात पसरली असेल.

काजं-बटणं आता एक मुलगी करते, मापं मीच घेते. परवा एक जुनी गिऱ्हाईक आली. सहा महिन्यांत छाती चार इंच वाढलेली, दंड अर्धा इंच कमी. मी टेप गळ्यात अडकवला, तिला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "गुडघ्यासाठी काय घेता, वहिनी?"