सोनेगाव विमानतळावरून गावापर्यंत: पाय साथ देत नसतील तर कोणती गाडी?

नागपूरच्या सोनेगावातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून निघायला साधनं बरीच आहेत. पण उतरणाऱ्याला चालता येत नसेल आणि पोचायचं हिंगणघाट, दारव्हा नाहीतर नागभीडकडच्या खेड्यात असेल, तर त्यातली बहुतेक आपोआप गळतात. उरलेल्यांत आमची पसंती गावाकडूनच बोलावलेल्या एर्टिगासारख्या गाडीला, ओळखीच्या ड्रायव्हरला आणि त्याच्यासोबत आलेल्या एका धडधाकट माणसाला. शहरातली टॅक्सी लांबच्या खेड्यात सोडायची म्हटलं की बहुधा परतीचंही भाडं लावते. म्हणजे पैसे दोन्हीकडे सारखेच जातात, गावच्या गाडीत मदतीचे हात मात्र जास्त मिळतात.

गाडी ठरवताना लोक एसी आणि किलोमीटरचा दर विचारतात. आधी पाहायची ती सीटची उंची. साध्या घडीच्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण 50 सेंटिमीटरवर असते. गाडीची सीट त्याच पातळीच्या जवळपास असेल तर माणूस सरकवता येतो. नसेल तर उचलावा लागतो. डिझायरसारखी सेडान खाली बसते; आत जाणं जमतं, पण बाहेर निघताना गुडघे दुखणाऱ्याचे हाल होतात. बोलेरो उलट इतकी उंच, की दोघांनी उचलल्याशिवाय काम होत नाही. वॅगन-आर उंचीला उत्तम, एर्टिगाही चालते.

मग डिकी. घडी घातलेली खुर्ची फूटरेस्टसकट मीटरभर लांब भरते, वजन 15 ते 20 किलो, आणि मागचं मोठं चाक 24 इंची. सेडानच्या डिकीचं तोंडच अरुंद, त्यात चाक अडकतं. गाडी सीएनजीवर असेल तर डिकीत टाकी बसलेली असते आणि खुर्चीला जागाच उरत नाही. वॅगन-आर इथेच मार खाते. ॲपवरून बोलावलेल्या गाडीचं हे आधी कळत नाही, म्हणून बुकिंग झाल्याबरोबर ड्रायव्हरला फोन करून विचारा: ‘भाऊ, सीएनजी आहे का? डिकी रिकामी आहे का?’ एर्टिगात मागची रांग पाडली की खुर्ची आणि बॅगा दोन्ही मावतात. फूटरेस्ट निघणारे असतील तर काढून पिशवीत ठेवा, नाहीतर वाटेत ते निसटून हरवतात.

बसवण्याची रीत अशी. पुढचं डावं दार पूर्ण उघडायचं, सीट शेवटपर्यंत मागे, पाठ थोडी कललेली. खुर्ची सीटशी तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, फूटरेस्ट बाजूला करायचे. आधी बूड सीटवर, मग डोकं सांभाळून पाय आत. सीटवर प्लास्टिकची जाड पिशवी टाकली तर अंग वळवणं सोपं जातं. बसून झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो. लकव्याच्या रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये, लुळा खांदा निखळू शकतो. सरकवायचं ते धडक्या बाजूकडे. उजवी बाजू चांगली असेल तर डावं दार सोयीचं. डावी चांगली असेल तर मागचं उजवं दार बरं पडतं, पण ते रहदारीच्या बाजूला उघडतं. म्हणून दारात घाई न करता गाडी पार्किंगमध्ये नेऊन तिथे बसवावं.

विमान कंपनीची व्हीलचेअर मदत मोफत आहे; डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांप्रमाणे ती 48 तास आधी कळवायची. पायऱ्या चढता येतात की नाही, आणि सीटपर्यंत न्यावं लागतं का, हे नेमकं सांगा. नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हटलं तर जिना चढू शकणाऱ्याची नोंद होऊन बसते. उतरताना मदत घेणाऱ्यांना शेवटी काढतात, तेव्हा ड्रायव्हरला अर्धा-पाऊण तास उशिराची वेळ द्या आणि बॅगांच्या पट्ट्याजवळ आल्यावरच दारात बोलवा. कंपनीचा मदतनीस बाहेर पडण्याच्या दारापर्यंतचा. गाडी समोर उभी राहिल्याशिवाय ती खुर्ची सोडू नका.

मेट्रोचं कौतुक करावं तेवढं थोडं. स्टेशनांत लिफ्ट आहेत, डबा फलाटाच्या पातळीला, सीताबर्डीला गाडी बदलून थेट रेल्वे स्टेशनपर्यंत जाता येतं. अडचण एवढीच, की एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलला जोडलेलं नाही, ते वर्धा रोडवर आहे. तिथवर दुसरी गाडी लागतेच, म्हणजे चढउतार दुप्पट. काठी टेकत हळू चालणाऱ्याला, सामान कमी असेल तर, आणि मुक्काम शहरातच असेल तर मेट्रो घ्या. रात्रीच्या विमानाला तिचा उपयोग नाही.

एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, पण साध्या गाडीची पहिली पायरीच गुडघ्याएवढी. ऑटोत पाठीचा तोल न राहणारा माणूस वळणावर कलंडतो. रेल्वे वर्धा-सेवाग्रामपर्यंत ठीक, दोन मिनिटं थांबणाऱ्या लहान स्टेशनावर नको. बसताच येत नसेल तर खासगी रुग्णवाहिका आधीच ठरवा. 108 ही तातडीच्या रुग्णांसाठी आहे, घरी पोचवायला नाही.

यवतमाळ, चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडे तीन तास आणि वर धरून चाला. कमरेखाली संवेदना नसलेल्याला खुर्चीवरची गादी गाडीच्या सीटवरही द्या आणि दर अर्ध्या तासाला बूड थोडं उचलून दाब मोकळा करा. मणक्याला इजा झालेल्यांना नीट घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात एसी चालतो की नाही हे निघण्याआधीच पाहावं. उन्हात उभ्या गाडीतल्या खुर्चीचं लोखंड आणि रेक्झिन चटका देतं, वर ओला पंचा टाका. टॉयलेटचा थांबा निघतानाच ठरवा. ढाब्यांवर कमोड क्वचितच असतो.

पावसाळ्यात शेवटचा टप्पा पांदणीचा असेल तर काळ्या मातीत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्या, पुढची चाकं जराशी अधांतरी ठेवून. चिखल फार असेल तर खुर्ची गाडीतच राहू द्या आणि माणसाला प्लास्टिकच्या मजबूत हातवाल्या खुर्चीत बसवून दोघांनी ओसरीपर्यंत उचलून न्या. उंबरठ्याला लावायला फळी लागेल, ती घरच्यांना सकाळीच फोन करून काढून ठेवायला सांगा.